पणजोबांचं नाव लागतं तेव्हा

जून उजाडला की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर सकाळी लवकरच रांग लागते. रांगेत बहुतेक बारावीची परीक्षा दिलेली मुलंमुली असतात. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा, जमीन असेल तर एखादा जुना फेरफार. जातपडताळणीच्या अर्जाला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. स्वतःच्या नावापासून वर चढत जायचं: वडील, आजोबा, पणजोबा, जमलं तर त्यांच्याही वर, आणि प्रत्येक पिढीला त्यांचे भाऊ. सतरा वर्षांच्या मुलाला पणजोबांचं नाव ठाऊक असण्याचं एरवी काही कारण नसतं. ते त्याला पहिल्यांदा लागतं ते इथे. मग तो रांगेतूनच घरी फोन लावतो, आई म्हणते थांब, तुझ्या मोठ्या बाबांना विचारते, आणि मोठे बाबा म्हणतात, आत्याला विचारायला हवं.

घराण्याचा शोध म्हणजे उतारवयातला छंद, असं आपण सहज म्हणून जातो. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, दिवस मोकळा झाला की माणूस जुने कागद काढून बसतो, अशी आपली समजूत. तिच्यात तथ्य नाही असं नाही. कुलवृत्तांतांसाठी घराघरांत पत्रं पाठवून माहिती गोळा करणारी, ‘निर्वंश’, ‘दत्तक गेले’ अशा नोंदी जुळवत बसणारी मंडळी पुष्कळदा निवृत्तच असतात. मोडीच्या वर्गातही पांढरी डोकी बरीच दिसतात. पण वय हे त्याचं खरं कारण आहे असं मला वाटत नाही. वि. का. राजवाडे १८६३ साली जन्मले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला तेव्हा ते पस्तिशीत होते, आणि पुढे हयातभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं ते सोडवून घेत राहिले. रियासतकार सरदेसाई १८६५चे. बडोदा संस्थानच्या नोकरीतून ते १९२५ साली निवृत्त झाले आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते १९३० ते १९३४ या काळात, म्हणजे वयाची पासष्टी गाठल्यावर. जुन्या कागदांची ओढ पस्तिशीतही लागते आणि पासष्टीतही टिकते.

घरगुती माणसाला ती ओढ केव्हा लागते? मी जे पाहत आलो त्यावरून सांगतो. आपल्या वरचं माणूस घरात उरलं नाही की लागते. पितृपक्षात हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. वडील जाऊन वर्ष उलटलेलं असतं, मुलगा पहिल्यांदा महालयाला पाटावर बसतो. गुरुजी म्हणतात, वडिलांचं नाव घ्या, गोत्र सांगा. ते जमतं. आजोबांचं नाव घ्या. तेही जमतं. पणजोबांचं म्हणताच हात थांबतो आणि मुलगा मागे वळून काकांकडे पाहतो. काका असतील तर ते मागून नाव सांगतात. मग आजी, पणजी. मग आईकडचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा. तिथे तर काकांनाही सांगता येत नाही. आजवर ही सगळी नावं घेणं वडिलांचं काम होतं. मुलगा स्वयंपाकघरात ये-जा करत ती ऐकत होता, पण त्याला ती लक्षात ठेवायची गरज नव्हती. आता आहे. असा मुलगा पन्नाशीचा असतो तसा पंचविशीचाही असतो. वडील लवकर गेलेल्या घरातली तरुण मुलं पूर्वजांविषयी किती बारकाईनं बोलतात ते कधी ऐकून पाहावं.

म्हणजे शोध सुरू होतो तो गरजेपोटी. आणि आपल्याकडे तो नेहमी तसाच सुरू होत आला आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. आमचा मूळपुरुष अमका, त्याला मुलगे इतके, थोरला हा, धाकटा तो; दुष्काळात गाव ओस पडला तेव्हा अमका परागंदा झाला, त्याच्या नातवानं येऊन पुन्हा वस्ती केली. थोरली पाती कोणाची आणि धाकटी कोणाची यावर मानपान आणि उत्पन्न ठरत असे, म्हणून भावाभावांचा क्रम काटेकोर सांगावा लागे. मग गावातले आणि शेजारच्या गावांतले वृद्ध बोलावले जात आणि शपथेवर साक्ष देत. त्या साक्षींवर निवाडा होऊन त्याचा महजर होई. मराठी घरांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग आपल्याला या भांडणांच्या कागदांतून कळतो. त्यात प्रेमाचा शब्द क्वचित असेल, पण पिढ्या मात्र नीट लिहिलेल्या आहेत, कारण चुकलं तर वतन जाणार होतं. आणि त्या पिढ्या ज्यांच्या तोंडून आल्या ते सगळे म्हातारे होते. गरज तरुण वारसाची, आठवण वृद्धाची, अशी ही जोडी तेव्हापासूनची आहे.

आजच्या रांगेतल्या मुलाची गरजही हक्काचीच. त्याला एक तारीख गाठायची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, आपल्याच घराण्यातल्या कोणाचा तरी कागद हवा. आता गंमत अशी की कागद तारखेनं चालतो आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तारखा ठाऊक नसतात. एका अख्ख्या पिढीचा जन्म दाखल्यावर १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तोच लिहिला. त्यांचं खरं पंचांग वेगळं असतं. थोरला जन्मला ते पानशेत फुटलं त्या साली. धाकटीचा जन्म कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या महिन्यातला. आजोबा सांगायचे, त्यांची आई मानमोडीत गेली. ज्याला हे ऐकता येतं त्याला तारखाही काढता येतात. पानशेत १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिच्यामुळे १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली होती. आजोबांची आई त्या साथीत गेली असेल तर आजोबांचा जन्म त्याच्या आधीचा, आणि मृत्यूच्या नोंदवहीत कोणतं साल उघडायचं हे नातवाला कळलं.

विदर्भात अशी नोंद शोधायची तर लोक कोतवाल बुकाची नक्कल काढतात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी द्यायचा, त्यावरून ही नोंद होई. अमरावती जिल्ह्यातल्या एका घरी अशी एक नक्कल मी जवळून पाहिली. आडव्या रकान्यांचं पान, अक्षर घाईचं. तारीख, बापाचं नाव, जात, गाव, आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’. बाळ जन्मलं की वर्दी जाई, बारसं व्हायला अजून दिवस असत, त्यामुळे नाव लिहिलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. नातवाला आजोबांची नोंद हवी होती. बापाचं नाव जुळत होतं, गाव जुळत होतं, पण साल दाखल्यापेक्षा तीन वर्षं मागचं होतं. दाखल्यावरचं साल चुकलं असेल, मास्तरांनी अंदाजे लिहिलं असेल, असं सगळ्यांचं मत पडू लागलं. तेवढ्यात खाटेवर बसलेली आजी म्हणाली, “थो तुहा आजोबा नाही बापा. थो त्याईचा मोठा भाऊ.”

आजोबांना मोठा भाऊ होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

“मंग नाव काय त्याचं, आजी?”

“नाव कायचं? बारसंच नाही झालं. नवव्या दिवशी गेला. माह्या सासूनं सांगतलं व्हतं मले, माहा पयला पोरगा झाला तवा.”

नातू थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. त्याला अर्जासाठी ती नोंद चालणार होती. बाप तोच, जात तीच, गाव तेच. आजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद पुरावा म्हणून धरली जाते. त्याचं काम झालं होतं. तरी त्यानं वंशावळीच्या कच्च्या कागदावर आजोबांच्या डाव्या बाजूला एक रेघ ओढली आणि तिच्याखाली ‘मुलगा’ एवढंच लिहिलं. नऊ दिवस जगलेल्या त्या बाळाची खूण जगात दोनच ठिकाणी उरली होती, सरकारी वहीच्या एका रकान्यात आणि नव्वदीच्या घरातल्या एका बाईच्या मनात. वही तिथे कपाटात राहिली असती, पण आजीशिवाय ती कोणाची नोंद आहे हे कोणाला कळलं असतं?

मला या प्रसंगात जे दिसलं ते मी गेली काही वर्षं पुनःपुन्हा पाहतो आहे. सतराव्या वर्षी गरज असते, साठीनंतर ओढ असते, आणि नव्वदीला आठवण असते. ही तीन वयं एका खोलीत एकाच वेळी फार थोडा काळ असतात. साठीच्या माणसाला ओढ लागते तेव्हा बहुधा त्याच्या घरातली नव्वदी संपलेली असते. म्हणून पडताळणीचा अर्ज मला मोलाचा वाटतो. लोक त्याला वैतागतात, आणि वैतागण्यासारखं त्यात खूप आहे. चकरा, नकला, त्रुटीची पत्रं, कॉलेजची मुदत. पण ज्या वयात कोणी आजीजवळ बसून “तुझे सासरे काय करायचे गं?” असं विचारणार नाही, त्या वयात तो अर्ज मुलाला तिच्याजवळ नेऊन बसवतो. २०२३च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर जुने नमुने उघडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, एरवी गावाकडे न फिरकणारी कितीतरी पोरं त्या हिवाळ्यात आजोबांना घेऊन तहसिलीत बसली होती.

अर्थात कागद सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. ज्याच्याकडे जमीन होती त्याचा पूर्वज फेरफारात सापडतो. जो शाळेत गेला तो प्रवेश-निर्गमात सापडतो. जो यात्रेला गेला तो नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडतो, कधी स्वतःच्या हस्ताक्षरात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी बैलावर बसून घरोघर येत आणि दारात उभं राहून त्या घराच्या पिढ्या सांगत. तिथे निदान कोणीतरी सांगणारा होता. पण जमीन नाही, शाळा नाही, मुक्कामाचं गावही ठरलेलं नाही, अशांच्या आजोबांनी कागदावर यायचं कुठे? काहींचे आजोबा कागदावर आले ते पोलिसांकडे द्यायच्या हजेरीमुळे. १८७१पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतल्या कित्येकांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं. त्यांतला शेवटचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्यांच्या नातवंडांना घराण्याचा शोध घ्यायचा तर ज्या वहीनं आजोबांचा अपमान केला तीच वही मागावी लागते. त्या तरुणांना मी छंद म्हणून पूर्वजांकडे वळणाऱ्यांच्या पंक्तीत बसवू शकत नाही. त्यांच्या शोधाला अधिक धीर लागतो, आणि त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांजवळ जे आहे ते कागदात बहुधा कुठेच नाही, म्हणून तिथली आठवण अधिक घाईनं उतरवून घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट मला सलते. गरजेचा हा सगळा शोध वडिलांच्या बाजूनेच वर जातो. पुरावा वडिलांकडच्या रक्तनात्याचा लागतो, त्यामुळे वंशावळीत बापाचा बाप आणि त्याचा बाप. आज्या, पणज्या त्यात येतात त्या नसल्यासारख्याच. लग्नात नाव बदललेलं, आडनाव तर बदललेलंच. म्हणजे बाईच्या आयुष्याचा लग्नाआधीचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी वंशावळीत, आणि तिथेही ती मुलगी म्हणून बहुतेक गाळलेली. महालयात मातामहांची नावं घ्यावी लागतात, तिथे पुरुष अडखळतात ते याच कारणानं. आपण ज्यांच्या मांडीवर वाढलो, ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या बापाचं नाव आपल्याला येत नाही. अर्ज ते विचारत नाही, आणि अर्जानं विचारलं नाही तर तरुण वयात कोणी विचारत नाही.

इथे मात्र साठीची ओढ कामाला येते. गरज संपलेली असते, मुदत नसते, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. मग माणूस आईकडे वळतो. माझ्या ओळखीच्या एक बाई प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी आपल्या घरातल्या बायकांची माहेरं शोधायला घेतली. कागद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे त्या म्हाताऱ्या बायकांना भेटतात. त्यांची विचारण्याची रीत मला फार आवडते. “तुमच्या आजीचं नाव काय होतं?” असं त्या विचारत नाहीत, त्यावर नाही आठवत बाई, हेच उत्तर येतं. त्या विचारतात, “तुमच्या लग्नात आहेर कोणाकोणाचा आला होता?” की मग मावशी सुरू होतात. मामांनी इरकल आणलं होतं. मामी आली नव्हती, ती बाळंतीण होती. आईची मावशी पंढरपूरकडून बैलगाडीनं आली, तिची लेक माझ्याएवढी, तिचं नाव अमुक. एका लग्नाच्या आहेरात दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या बसलेल्या असतात, नात्यासकट आणि गावासकट. बाळंतपणाला कोण आलं, डोहाळजेवण कोणी केलं, भावानं भाऊबीजेला न्यायला यायचं केव्हा थांबवलं, हे विचारलं की माणसं कधी वारली, घरं कधी फुटली तेही कळतं. नावं सांगताना बायका एकमेकींना दुरुस्त करतात. दोघी बहिणी एकत्र भेटल्या तर बाई त्यांना वेगवेगळं विचारत नाहीत, मुद्दाम शेजारी बसवतात, म्हणजे एकीचं चुकलं तर दुसरी लगेच “छे गं, ती कडेगावची नव्हे” म्हणून टोकते.

बाईंकडे एक जाड वही आहे, शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. प्रत्येक बाईसमोर सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, आणि हे कोणी सांगितलं त्या व्यक्तीचं नाव आणि तारीख. शेवटचा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. ऐकीव गोष्टीला तोच वजन देतो, आणि दोन जणींनी दोन नावं सांगितली तर त्या दोन्ही लिहून ठेवतात, स्वतः निवाडा करत नाहीत. त्यांची नात यंदा बारावी झाली. तिच्या पडताळणीसाठी वडिलांकडची वंशावळ बाईंच्या यजमानांनी काढली, अर्ज गेला, त्रुटी निघाली, ती पूर्ण केली, प्रमाणपत्र आलं. त्या गडबडीत नातीला ती जाड वही सापडली आणि तिनं पाहिलं की आपल्याकडच्या प्रतिज्ञापत्रात नसलेली सगळी माणसं इथे आहेत. आता ती आजीबरोबर जाते, मोबाईलवर आवाज टिपून घेते आणि रात्री ऐकून वहीत उतरवते. आजीच्या आजीच्या पुढे एका ठिकाणी माहेरच्या रकान्यात फक्त गाव आहे, आडनाव नाही. त्या गावात त्या घरातली एक सून अजून हयात आहे, पंच्याऐंशीच्या पुढची, असा निरोप मागच्या आठवड्यात आला. बाई दिवाळीनंतर जाऊ म्हणत होत्या. नात म्हणाली, दिवाळीनंतर कशाला, या रविवारीच जाऊ, माझं कॉलेज अजून सुरू झालेलं नाही.